ओले केस

"मान खाली," अण्णा म्हणाले, आणि थोरल्याने मुकाट्याने मान खाली घातली.

त्याच्या पाठीवर दुसरं कुणी झालंच नव्हतं, तरी घरात त्याला थोरलाच म्हणत. सलून विकलं तेव्हा अण्णांनी एक खुर्ची तेवढी घरी आणली आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी मांडली. चाळिशी उलटलेला हा गडी महिन्यातल्या एका रविवारी अख्खं शहर ओलांडून त्या खुर्चीत येऊन बसे. वाटेत सलूनं काय कमी होती? पण अण्णांची ती गार बोटं मानेवर दुसरीकडे कुठे मिळणार! पोराला जवळ घेणं अण्णांना कधी जमलं नाही. ते त्याचे केस कापत.

कात्री चालू झाली की तोंडही चालू होई.

"समोरचं घरही गेलं बघ. आले राहायला बाहेरचे. सरकारनेच दार सताड उघडं टाकलंय, मग काय! एकेका खोलीत दहा-दहा जण. उंदीर बरे."

कानाशी कात्री असताना माणूस वाद घालत नाही, ही सोय अण्णांना जन्मभर पुरली होती. थोरल्याची बायकोही लहानपणी आईबापांचं बोट धरून सीमेपलीकडूनच आली होती. त्याने एकदा तशी आठवण करून दिली, तर अण्णा म्हणाले, "सूनबाईचं वेगळं रे. ती आपली." वादच मिटला.

त्याने डोळे मिटून घेतले. अण्णांचा आवाज बंद व्हावा आणि हात चालू राहावेत, असं त्याला फार वाटलं. याच हातांनी लहानपणी त्याच्या नाकाला दाढीचा फेस लावला होता, रडू थांबेपर्यंत कात्रीने टाळ धरला होता. तो माणूस त्याला हवा होता. तो इथेच होता, अगदी पाठीशी उभा, आणि तरीही त्याची आठवण येत होती.

"भिंगरीला नाही आणलंस," अण्णा म्हणाले.

भिंगरी म्हणजे नात. खुर्चीत बसवली की गरागरा फिरवा म्हणून घर डोक्यावर घ्यायची.

"शाळेचं काहीतरी होतं."

"रविवारी?"

कात्री थांबली. समोर आरसा नव्हता, त्यामुळे अण्णांचा चेहरा दिसेना.

"ती का येत नाही ते कळतं मला. एवढा खुळा नाही मी. चूक माझीच झाली."

कित्येक महिने थोरला याच वाक्याची वाट बघत होता.

"जन्मभर कात्री चालवली," अण्णा म्हणाले, "पण तसले कुरळे केस कधी हाताखाली आलेच नाहीत. तसली बाहेरची गिऱ्हाइकं मी दारातूनच परत पाठवायचो ना. मग सवय कुठून असणार? ओले केले, ताणले आणि कापले. वाळल्यावर सगळे आक्रसून वर गेले. पोर नुसती पंख भिजलेल्या पिलासारखी दिसायला लागली. सूनबाई रागावणारच. तिला सांग, अण्णांनी माफी मागितलीय."

माफी हा शब्द अण्णांच्या तोंडून थोरल्याने आजवर ऐकला नव्हता. आला तोही केसांसाठी. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हातारा खूश झाला असता, पुढच्या वेळी नात या खुर्चीत बसली असती, तिचे दोन्ही कान उघडे ठेवून.

"केसांचं काही नाही, अण्णा. केस तिला आवडले होते. शाळेत मिरवत होती."

"मग?"

"त्या दिवशी तुम्ही तिचे केस कापत होतात आणि कोपऱ्यावरच्या लोकांबद्दल बोलत होतात. आत्ता बोललात तसंच. तिला ठाऊक आहे तिची आई कुठून आली ते. परत जाताना तिची आईच गाडी चालवत होती. भिंगरीने मागच्या सीटवरून विचारलं, आई उंदीर, तर मग मी अर्धीच ना?"

मानेवरची बोटं उचलली गेली. तेवढी जागा एकदम उघडी पडली.

"मी तिला कुठे म्हणालो?" अण्णा म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "तिला कसा म्हणेन मी?"

"तिला नाही म्हणालात. पण ती ऐकत होती."

खिडकीबाहेर समोरच्या घरातलं कुणीतरी पायपुसणं झटकत होतं. थोरल्याने मानेवरून हात फिरवला. कान मोकळे झाले होते, मागची रेघ सरळ लागली होती. केस कापून झाले होते. गळ्याशी बांधलेल्या पांढऱ्या कापडाची गाठ सोडायला त्याने हात मागे नेला.

"बस," अण्णा म्हणाले. "राहिलंय अजून."

बोटं परत मानेवर आली.

"आता कोण कापतं तिचे?"

"तिची आई."

"कोरडेच?"

"कोरडेच."

"हं."

कात्री पुन्हा चालू झाली. कानामागे, डोक्यावर, परत कानामागे. थोरला मान खाली घालून मांडीवरच्या कापडाकडे बघत बसून राहिला. कात्री कचकच चालली होती आणि कापडावर नवा केस एकही पडत नव्हता.