कॅमेऱ्याचं झाकण

“तू येशीन असं वाटलं नव्हतं,” कैलास म्हणाला आणि संत्र्यांच्या ढिगापासून न उठताच त्यानं खाटेकडे बोट केलं.

प्रफुल्ल बसला. नागपूरहून निघाल्यापासून काय बोलायचं ते त्यानं मनात जुळवलं होतं, पण कैलासचे पांढरे झालेले केस पाहून ते सगळं विस्कटलं. दोघं एकाच अवकाश केंद्रात नोकरीला लागले होते, एकाच खोलीत राहिले होते. मग केंद्राची अवकाशातली दुर्बीण बिघडली आणि कैलास नोकरी सोडून कारंज्याला, वडलांच्या बागेत परत आला.

“मोनाली आली नाई?”

“गाडीत आहे. अमरावतीले लग्नाले चाल्लो. डोकं दुखते म्हणे, उतरली नाई.”

कैलास संत्री निवडत राहिला. डागी एकीकडे, चांगली एकीकडे.

“दुर्बिणीचं बोलाचं होतं,” प्रफुल्ल म्हणाला.

“लई वर्षं झाली राजा. आता काऊन उकरून राह्यला?”

पृथ्वीभोवती फिरत ती दुर्बीण ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण टिपायची. वाटेत किरणोत्सर्गाचा पट्टा लागे. तिथून जाताना कॅमेऱ्याचं झाकण लावायचं, असा कडक नियम होता. एका फेरीत झाकण लावायची आज्ञा वर गेलीच नाही. त्यानंतरच्या चित्रांत पांढरे ठिपके दिसू लागले आणि बघता बघता कॅमेरा निकामी झाला. चौकशी समितीसमोर कैलास उभा राहिला आणि म्हणाला, माझ्याकडून राहिलं. समितीला पुढे काही विचारायची गरजच पडली नाही.

मोनालीला मात्र चैन नव्हतं. ती तेव्हा त्याच केंद्रात कैलासच्या हाताखाली काम शिकत होती. प्रफुल्लशी लग्न झाल्यापासून ती त्याच्या मागे लागली होती. त्या फेरीतली काही चित्रं जमिनीवर तुटकतुटक उतरली होती, म्हणून कुणी पाहिलीच नव्हती. ती एकदा जुळवून बघ, म्हणायची. दिवसभराच्या कामानं डोळे चुरचुरत असताना प्रफुल्ल ती चित्रं घेऊन बसे. कितीदा त्यानं नाद सोडला, कितीदा तिनं पुन्हा बसवलं.

“पट्ट्यातल्या किरणांनी कॅमेरा खराब झाला असता, तं सगळीकडे सारखा झाला असता,” तो आता म्हणाला. “इथं नुकसान एकाच जागेपासून सुरू झालं. अवकाशातल्या धुळीचा कण घुसला, कैलास. दुर्बिणीच्या आरशांवरून घसरत थेट आत. अन् ते ठिपके पट्ट्यात शिरायच्या आधीच्या चित्रात आहेत. काल पक्कं झालं. झाकण वेळेवर लागलं असतं, तरी कॅमेरा गेलाच असता.”

कैलासच्या हातातलं संत्रं हातातच राहिलं.

“मोनालीले सांगतलं?”

“नाई. पहिला हक्क तुहा.”

कैलास आता रडेल, नाहीतर शिव्या तरी देईल, असं प्रफुल्लला वाटलं. नोकरी सुटली, ठरलेली सोयरीक मोडली, गावानं तोंडावर जाब विचारला. पण कैलासनं फक्त एक लांब श्वास सोडला. खूप लांबून ओझं आणलेल्या माणसानं ते खाली ठेवावं, तसा.

“मी ऑफिसात कळवतो,” प्रफुल्ल म्हणाला. “तुह्यावरचा ठपका निघून जाईन.”

“कळवजो. पण थांब जरा.”

तो उठला. पॅन्टला हात पुसत बागेच्या कडेच्या धुऱ्यावरून रस्त्याकडे चालू लागला. प्रफुल्ल त्याच्या मागून निघाला. गाडीत मोनाली डोळे मिटून बसली होती. कैलासनं काचेवर बोटानं वाजवलं. तिनं काच खाली केली आणि त्याला पाहताच तिचा चेहरा उतरला.

“घाबरू नको,” कैलास म्हणाला. “तू झाकण लावाले विसरली, त्यानं काईच बिघडलं नव्हतं.”