नाव वगळून

"यात तुमचं नाव कुठे आहे, ते दाखवा," कुलसचिव म्हणाले आणि त्यांनी अहवाल टेबलावरून समोरच्या विद्यार्थिनीकडे सरकवला. परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्यांवरचा तो अहवाल बाहेरच्या एका संस्थेने केला होता, पण माहिती सगळी विद्यापीठाने पुरवलेली.

ती बसली नाही. पान उघडून तिने वाचायलाच सुरुवात केली. "खाणकाम शाखा, तिसरं वर्ष, विद्यार्थिनी. आई मनोरुग्णालयात दाखल असल्याने गैरहजर." मग तिने मान वर केली. "सर, खाणकाम शाखेत मुली किती आहेत?"

कुलसचिवांना ते चांगलं ठाऊक होतं. शाखेतली पहिली आणि एकमेव मुलगी म्हणून तिचा फोटो माहितीपत्रकावर त्यांनीच छापून घेतला होता. तरी ते पंख्याकडे बघत राहिले.

"हे बघा, संशोधकांना माहिती देताना नाव, पत्ता, जन्मतारीख काढायची, असा नियम आहे. आम्ही सगळं काढलंय. नियमाबाहेर काही झालेलं नाही."

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरालाही आपण नियमातच आहोत असं वाटत असणार.

"गैरहजेरीचं कारण मी फक्त तुमच्या कार्यालयाला कळवलं होतं. माझं वर्ष वाचावं म्हणून, गावभर दवंडी पिटायला नाही." तिला रडू येत नव्हतं, संताप येत होता. आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छा नव्हती. "वर्गातल्या एकाने हे वाचलं. तो आमच्याच गल्लीत राहतो. आई आता बरी आहे, सर. घरी शिवणाचा क्लास घेते. या आठवड्यात एकही मुलगी फिरकली नाही. आई रोज मशीन पुसून बसते आणि मला विचारते, पोरींना सुट्टी आहे का गं? काय सांगू तिला? नियमाबाहेर काही झालेलं नाही, असं सांगू?"

"आवाज खाली करा." कुलसचिवांनी घसा खाकरला. "तुम्ही म्हणताय तर यापुढे तुमची नोंद कुणालाही देणार नाही. मग तर झालं?" आणि आपण किती तत्पर आहोत हे तिलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर चालू करून नोंदी विभागातल्या कारकुनाला फोन लावला.

"संशोधकांना देतो त्या माहितीतून एक नोंद काढायची आहे. खाणकाम, तिसरं वर्ष, मुलगी."

"हो साहेब," पलीकडून लगेच उत्तर आलं. "त्या वेडीची मुलगी ना? आत्ता काढतो."

कुलसचिवांचा हात स्पीकरचं बटण शोधू लागला. ते काही सापडेना.

"राहू द्या, सर," ती म्हणाली. "नाव त्यांनीही घेतलं नाही."