सातवा नियम

पेत्रोग्रादचं टेलिफोन एक्स्चेंज क्रांतिकारकांनी सकाळी एकही गोळी न झाडता घेतलं, आणि अर्ध्या तासात ते त्यांच्याच गळ्यात पडलं. बंदुका दिसताच फोन जोडणाऱ्या मुली कोट चढवून निघाल्या. कुणी त्यांना बोटही लावलं नव्हतं. पण चिखलाचे बूट घालून आलेल्यांच्या हुकमाखाली काम करायचं नाही, असं मुख्य बाई वार्वारा ल्वोव्ना यांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्यापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती.

अग्नियाही कोटाची बटणं लावत होती, पण तिचा पाय निघेना. तिच्या बोर्डावर एकामागून एक दिवे पेटत होते आणि तिच्या खुर्चीत येमेल्यान नावाचा लेथ कामगार घाम पुसत बसला होता. सकाळपासून टेलिफोनचा कारभार त्याच्याकडे होता. तसा शिक्क्याचा कागदच त्याच्या खिशात होता. सरकारचे फोन तोडायचे म्हणून त्याने हाताला येईल ती वायर उपटली होती. महालातल्या मंत्र्यांचे फोन खुशाल चालू होते. बंद पडला होता तो क्रांतिकारकांच्या मुख्यालयाचा.

"हॅलो! अरे, हॅलो!"

"त्या वायरवर पलीकडे कुणीच नाही," अग्नियाला राहवलं नाही.

"मग आमची वायर कुठंय?"

"तुमच्या बुटाखाली."

त्याने चटका बसल्यागत पाय उचलला. "ताई, थांबा हो! अख्खं शहर घेतलं, आणि आपल्याच माणसाला हाक मारता येईना."

"थांबले तर बाई नोकरीच्या पटावरून माझं नाव कायमचं काढतील."

"मग आम्ही परत लिहू."

अग्नियाने मान वर करून पाहिलं. भिंतीवरच्या चौकटीत नोकरीचे बारा नियम टांगलेले होते. सातवा सांगत होता, की टेलिफोनवर फक्त अविवाहित मुलीच बसतील. लग्न केलं की नोकरी गेली. तिच्या पगारावर आजारी आई जगत होती. आणि चार वर्षांपूर्वी शहराबाहेरच्या एका चर्चमध्ये तिने तिखोन नावाच्या ओताऱ्याशी गुपचूप लग्न केलं होतं. दर रविवारी तो मावसभाऊ म्हणून चहाला यायचा, शेजाऱ्यांदेखत तिला वाकून नमस्कार करायचा आणि दिवस मावळायच्या आत निघून जायचा.

"तुमचं सरकार तो सातवा नियम ठेवणार?" तिने विचारलं.

येमेल्यान उठला. त्याला वाचता जेमतेम यायचं. "काय म्हणतो तो?"

"लग्न झालेल्या बाईने इथे बसायचं नाही."

"का? लग्नानंतर हात गळून पडतात? कुणी ठरवलं हे?"

"ज्यांच्या हातात होतं त्यांनी."

"आज आमच्या हातात आहे." त्याने चौकट खाली घेतली, काच काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि दाबून एक रेघ ओढली. "घ्या. सुटला हुकूम."

अग्नियाने पाहिलं. रेघ आठव्या नियमावर पडली होती. कामावर सूर्यफुलाच्या बिया खायला बंदी होती, ती उठली होती.

तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. दारात सगळ्या मुली थबकून बघत होत्या. तिने त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि सातव्या नियमावर स्वतःच रेघ मारली.

"अग्निया! म्हणजे तुझं..." वार्वारा ल्वोव्नांचा आवाज चिरकला.

"चार वर्षं झाली, बाई."

तिने कोट काढला. जमिनीवरची वायर उचलून पुसली आणि जागच्या जागी खोचली. मुख्यालयातून कुणीतरी बोललं. येमेल्यानने आनंदाने रिसीव्हरच कवटाळला.

"अगं वेडे," बाई दारातून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आता राग कमी आणि काळजीच जास्त होती. "ही माणसं तीन दिवस टिकायची नाहीत. मग काय करशील?"

अग्नियाने दुसऱ्या दिव्याकडे हात नेला.

"तीन तर तीन, बाई. तेवढे दिवस तरी नवऱ्याला नवरा म्हणेन."