रेडिओवर घेतलेलं नाव

मोटार तेरला थांबली तरी विरुपाक्ष मास्तर उतरेनात. ड्रायव्हरनं हटकलं, तेव्हा पिशवी काखोटीला मारून निघाले.

परवा सकाळी त्यांनी हैद्राबादच्या रेडिओवरून तेरचा इतिहास सांगितला होता. निजामाच्या राज्यात मराठीतून पंधरा मिनिटं मिळाली, हीच नवलाई. इतकी वर्षं कागद खरडले, वाचणारे चार पंडित. गावाला गावाचा इतिहास कळावा म्हणून ही खटपट. आणि ऐन वेळी मोह नडला. गावाबाहेरच्या टेकाडातली हस्तिदंती फणी आपणच शोधली, असं ते सांगून बसले.

ती शोधली जैनोद्दीनचाचांनी. कोणत्या थरात, कोणत्या खापरांशेजारी, सगळं त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानंच दाखवलं होतं. "रेडिओवर तुमचं नाव घेईन," असा मास्तरांनी निघताना शब्दही दिला होता.

आता तोंड कुठं लपवावं?

कल्याणप्पाच्या दुकानापुढं माणसं वाटच पाहत होती. गावातला एकुलता एक रेडिओ त्याचाच.

"लई ब्येस बोललात, मास्तर," कल्याणप्पा म्हणाला.

"अगदी इथं बसून बोलल्यावानी," रुद्रम्मानं री ओढली.

मास्तरांचे कान तापले. शालजोडीतले हाणताहेत, दुसरं काय!

तेवढ्यात जैनोद्दीनचाचा पुढं आले. अंगात ईदची शेरवानी. त्यांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला.

"तुमी माजं नाव घेतलं, मास्तर. आमच्या सात पिढ्यांत कुणाचं नाव असं मुलूखभर गेलं न्हाय."

मास्तरांना ते सोसवेना. त्यांना रडूच फुटलं.

"चाचा, टोमणे नका मारू, चार शिव्या द्या. तुमचं नाव मी घेतलंच नाही. फणी मीच शोधली म्हणून सांगितलं. सगळ्या गावानं ऐकलंय, मग हे कशाला?"

कल्याणप्पा उगाच तराजू पुसू लागला. रुद्रम्मानं पदर सारखा केला.

जैनोद्दीनचाचांनी मास्तरांचा हात हळूच सोडला.

"तुमचं भाषण लागायच्या आदीच रेडिओची बॅटरी बसली, मास्तर. कुणी एक अक्षर ऐकलं न्हाय. तुमाला वाईट वाटू नये म्हणून समद्यांनी ऐकलं म्हणायचं ठरलं. आन् माज्या नावाचं म्हणाल, तर तुमी शबूद दिला व्हता, म्हणून घेतलंच असंल म्हणलं."