गोधडीतला आवाज

सुवर्णाने लाकडी कपाटातले सगळे कपडे काढून दिवाणावर टाकले, आत एक जाड गोधडी दुहेरी अंथरली आणि तिच्यावर गिटारचा अॅम्प्लिफायर ठेवला. दिसायला शाळेच्या दप्तराएवढी पेटी. पण आतले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह तापले आणि आवाजाचं बटण अर्ध्यापुढे सरकवलं, की ती सिडकोतल्या अख्ख्या गल्लीला पुरून उरायची.

आतल्या खोलीत तिचा नवरा झोपला होता. धनराज एसटीचा ड्रायव्हर, रातराणीवरचा. सकाळी गाडी डेपोला लावून आला होता आणि दिवेलागणीला पुन्हा निघायचा होता. मागच्या आठवड्यात तिच्या वाजवण्याने त्याची झोप मोडली होती. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो एवढंच म्हणाला, "रात्री घाटात डोळा लागला माझा. लगेच सावरलो. पण मागं गाडी भरलेली होती."

त्या दिवसापासून पेटीची वायर गुंडाळून ठेवलेली होती. पुण्याच्या संगीतकार स्नेहाने आपल्या पहिल्या चित्रपटासाठी सुवर्णाकडून गिटारचा एक तुकडा मागवला होता. सुवर्णाने तो कॉम्प्युटरमधल्या तयार आवाजावर वाजवून पाठवला. आज सकाळी स्नेहाचा फोन आला. "ताई, बोटं तुमची आहेत, पण आवाज प्लॅस्टिकचा वाटतोय. संध्याकाळपर्यंत खऱ्या अॅम्पवर वाजवून द्या. नाहीतर मला मुंबईच्या माणसाला सांगावं लागेल."

गंगापूर रोडच्या क्लासमध्ये दुसऱ्यांच्या मुलांची बोटं तारांवर बसवताना सुवर्णाने या एका कामाची किती वाट पाहिली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. काम सोडायचं नव्हतं. त्याची झोपही मोडायची नव्हती.

तिने पेटीसमोर माइक उभा केला. चारी बाजूंनी रजया, ब्लँकेटं, धनराजचं थंडीतलं जॅकेट, जे हाताला लागेल ते कोंबलं. वायर फटीतून बाहेर काढली, कपाटाचं दार लावलं आणि त्यावर सतरंजी सोडली. मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून गिटार मांडीवर घेतली, हेडफोन चढवले आणि एक तार छेडली.

कानात तो आवाज भरला. खरखरीत, भरदार, कडेला जरासा फाटलेला. हेडफोन काढून, तार छेडतच ती कपाटाजवळ गेली. पेटी नुसतीच घुमत होती, डब्यात अडकलेल्या माशीसारखी. सुवर्णा परत स्टुलावर येऊन बसली.

पण बंद कपाटात पेटी तापत होती. एकदा वाजवून झालं, की दार उघडून तिला वारा द्यावा लागे. गरम धूळ आणि डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरे. पहिल्यांदा सुरुवातच अडखळली. पुन्हा वाजवताना घामाने बोट सटकलं आणि ओढलेला सूर खाली आला. तिने ओढणीने तारा पुसल्या, पेटी निवू दिली, परत बसली. यावेळी हात चालला. डोळे मिटले गेले. सूर चढत चढत टोकाला पोचला, आणि खांद्यावर हात पडला.

मागे धनराज उभा होता. डोळे लाल, बनियन घामाने चिकटलेलं.

तिने हेडफोन काढले. "पेटीचा आवाज आला?"

"पेटीचा नाय."

"मग?"

"पाय आपटतीस तू. टाच. फरशीतून ठक ठक येतं आत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, कंडक्टर पत्रा ठोकतोय, चला म्हणून. झोपेतच गिअर टाकत होतो मी."

सुवर्णाला हसू आलं नाही. तिने आपल्या पायाकडे पाहिलं. हेडफोनमुळे तिला ती ठकठक ऐकूच आली नव्हती. 'राहू दे आता' म्हणायला तिने तोंड उघडलं.

"मला अजून वाजवायचंय," ती म्हणाली. "पाय आवरते मी."

"आवर," तो म्हणाला आणि आत गेला.

तिने दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीत अडकवले आणि वाजवायला घेतलं. सूर सगळे जागच्या जागी पडले, पण तुकडा मेलेला निघाला. लय कुठे धरायची ते बोटांना कळेचना. पुन्हा घेतलं, तेच. खिडकीतून येणारं ऊन ओट्यावरून उतरून भिंतीवर चढायला लागलं होतं. ती उठली, कपाट उघडलं, पेटी निवेपर्यंत तिथेच उभी राहिली. मग दार लावून परत येऊन बसली.

यावेळी तिने दातांत ओठ धरला. पहिल्या ओळी सांभाळून गेल्या. मग सूर चढायला लागला, तसा पाय दांडीतून कधी सुटला ते तिला समजलं नाही. टाच उचलली गेली, खाली आली, आणि फरशीला लागलीच नाही. मऊ कशात तरी रुतली.

तिने डोळे उघडले. धनराज तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. त्याने आपली उशी नीट सरकवून तिच्या टाचेखाली घेतली, हातानेच 'चालू दे' अशी खूण केली आणि भिंतीला धरून उठला.

सुवर्णा थांबली नाही. टाच उशीवर आपटत राहिली. सूर टोकाला गेला, तिथे थरथरला आणि हळूहळू विझत गेला. तो पुरता विझेपर्यंत तिने तारेवरचं बोट उचललं नाही.

मग तिने अलगद हेडफोन उतरवले आणि आत डोकावून पाहिलं. कूलर घरघरत होता. भिंतीकडे तोंड करून, दंडावर डोकं टेकून धनराज गाढ झोपला होता.