घरमालकाची अट

नोकरीच्या पहिल्या वर्षी भीमराजमामांना नगरच्या सावेडीत कुणी खोली दिली नव्हती. आडनाव सांगितलं की दार लागायचं. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी हट्टाने सावेडीतच फ्लॅट घेतला, भाड्याने देण्यासाठी एका कंपनीच्या ताब्यात दिला आणि स्वतः पाथर्डीला गावी राहिले. कंपनीला त्यांनी एकच अट घातली होती, "कुनालाबी द्या, फक्त जात इचारू नका."

पण फ्लॅट दिवाळीपासून रिकामाच. विचारलं की कंपनीचा माणूस म्हणायचा, "काका, गिऱ्हाईकच येत नाही हो."

शेवटी मामांनी भाचीला, भारतीला, समोर बसवलं. "माझं नाव काढू नको. परक्यावानी फोन लाव, बघू तरी काय म्हनत्यात."

स्पीकरवर कंपनीतल्या मुलीचा आवाज गोड होता. फ्लॅट रिकामाच आहे, उन्हाळ्यातही पाण्याची अडचण नाही, उद्याच बघायला या. मामा खुशीत मान डोलवत होते.

"मॅडम, पूर्ण नाव सांगता?"

"भारती वाघमारे."

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग ती मुलगी परत फोनवर आली, आवाज आधीपेक्षाही गोड.


"सॉरी मॅडम, आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण घरमालकांनीच बजावून ठेवलंय, तुमच्यातलं कुणी चालणार नाही."