पिल्लाची शिकवणी

पिल्लू दिवसभर शहाण्या बाळासारखं वागलं होतं. सकाळी दोनदा, दुपारी एकदा आणि पाचच्या सुमाराला पुन्हा, ते आपणहून गॅलरीत गेलं, अंथरलेल्या वर्तमानपत्रावर गोल गोल फिरलं आणि बरोबर मधोमध बसून मोकळं झालं. आईने दर वेळी शिलाई मशीन थांबवून त्याचं तोंडभरून कौतुक केलं. तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, घरी येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. याहून जास्त कुणी काय शिकायचं?

साडेसहाला बाबा आले आणि दाराच्या आतच, पायपुसण्याशेजारी, पिल्लाने शू केली.

बाबा वजनकाटे तपासणारे निरीक्षक होते. दुकानोदुकानी फिरून कुणाचा काटा किती ग्रॅमने खोटा आहे ते पकडायचं, हे त्यांचं काम. घरात आवाज चढवायचा नाही आणि हात उगारायचा नाही, असा त्यांचा नियम होता आणि चारचौघांत ते तो अभिमानाने सांगत. त्यांनी बॅग खुंटीला अडकवली, उकिडवे बसले आणि पिल्लाची हनुवटी दोन बोटांत धरून त्याचं तोंड ओल्या फरशीकडे वळवलं.

“हे काय आहे?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

पिल्लाने कान पाडले.

“मी विचारतोय, हे काय आहे?”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पिल्लाच्या पायांखाली आणखी एक ओघळ आला. नऊ वर्षांची लेक फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभीच होती. फडकं आधीच ओलं करून पिळलेलं होतं. पोर किती समजूतदार, एवढंच तेव्हा आईच्या मनात आलं.

“मुद्दाम करतो हा,” बाबा उठत म्हणाले. “दिवसभर जागेवर जातो म्हणतेस ना? म्हणजे याला कळतं. कळून करतो. रविवारपर्यंत बघू, नाहीतर जिथून आणलं तिथे परत.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आई लेकीला आणि पिल्लाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाईंनी पिल्लाचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, शेपटी उचलून पाहिली.

“काही झालेलं नाही याला. जागाही कळलीय. दारातच करतो म्हणता, ती कधी? कुणीही आलं की?”

“नाही,” आई म्हणाली. “हे कामावरून आले की.”

“मारतात का?”

“छे हो! आजवर कुणाला बोटसुद्धा लावलेलं नाही त्यांनी.” हे ती इतकं पटकन बोलली की तिचं तिलाच चमत्कारिक वाटलं.

“मारायलाच हवं असं नाही. हे न शिकल्यामुळे होत नाहीये, घाबरल्यामुळे होतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि हात धुवायला वळल्या.

लेक टेबलापाशी टाचा उंच करून उभी होती. तिने पिल्लाच्या कानाशी तोंड नेलं. तिला वाटलं, नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही.

“हे बघ, सोपं असतं,” ती कुजबुजली. “जिन्यावर बाबांचे बूट वाजले की पाय एकमेकांना घट्ट चिकटवायचे आणि पायऱ्या मोजायच्या. सव्वीस आहेत. मग ते विचारतात तेव्हा त्यांच्याकडे नाही बघायचं, शर्टाच्या बटणाकडे बघायचं. मलापण आधी व्हायची. आता नाही होत.”

डॉक्टरबाईंनी नळ बंद केला. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने पर्समधलं काहीतरी शोधायला सुरुवात केली आणि बराच वेळ ते तिला सापडलं नाही.

घरी येताना लेक भरभरून बोलत होती. तिथल्या पिंजऱ्यातल्या मांजरीबद्दल, उद्याच्या चित्रकलेच्या तासाबद्दल. आई हं, हं म्हणत होती. फडकं रोजच आधी पिळून तयार असतं का? कधीपासून? पोर अंथरूण ओलं करायची ती सहाव्या वर्षापर्यंत. बाबा तिला सकाळी पलंगाशी उभी करून तोच प्रश्न विचारत. एके दिवशी ते थांबलं, तेव्हा शिस्तीने सुधारली म्हणून आईनेच सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं.

सव्वासहाला तिने मशीन बंद केलं. पडद्याच्या कापडाच्या चिंध्या गोळा केल्या, कात्री कप्प्यात ठेवली, टेबल पुसलं, पुन्हा पुसलं. मग हात थांबला. टेबल स्वच्छच होतं. रोज या वेळी ते स्वच्छच असायचं.

आतल्या खोलीत लेक मोठ्याने धडा वाचत होती. खाली बूट वाजले. वाचणारा आवाज अर्ध्या वाक्यात बंद झाला. पिल्लू उठलं आणि अंग चोरून भिंतीला चिकटलं.

आई दार उघडून बाहेर आली. दार तिने मागे ओढून घेतलं आणि दोन पायऱ्या खाली उतरून उभी राहिली.

बाबा वळणावर दिसले. तिला बघून थबकले.

“काय झालं? पुन्हा केलं त्याने?”

“नाही.”

“मग?”

“आपण आधी इथे बोलू. मग आत जा.”

“जिन्यात?” ते हसले. आवाज नेहमीसारखाच हळू होता. “हे काय आहे?”

तिची नजर आपोआप त्यांच्या शर्टाकडे उतरली. ती तिने ओढून वर, त्यांच्या डोळ्यांपर्यंत आणली.

“सांगते,” ती म्हणाली. तिचा हात कठड्यावर आडवा होता. तो बाजूला होण्याची बाबा खालच्या पायरीवर उभे राहून वाट पाहत होते.